आईची साक्ष

त्या वर्षी आमच्या गल्लीत ज्याला त्याला कायद्याचे प्रश्न पडायला लागले. समन्स घेतलंच नाही तर कोर्ट काय करतं? म्हाताऱ्या बाईला जबरदस्तीनं बोलावता येतं का? पोलिसांपुढे दिलेला जबाब मागे घेता येतो का? एकट्या माणसाच्या सांगण्यावरून कुणाला शिक्षा होते का? लोक हे प्रश्न घेऊन आमच्याकडे येत, आईच्या हातचा चहा पीत, आणि आवाज खाली करून विचारत. त्या मुलीचा हात आता कसा आहे, हे मात्र त्यांतल्या एकानंही विचारलं नाही. राग कधीच निवला. त्या लोकांची किळस मात्र अजून आहे, आणि ती का आहे हे एकदा नीट सांगून टाकायचं आहे.

आम्ही रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात, म्हणजे त्या नावाच्या मोहल्ल्यात, राहायचो. वडील रेल्वेत होते, वर्ध्याकडून बदलीवर आले आणि इथेच राहिले. ते गेल्यावर घरात आई एकटी होती, आणि मग नवऱ्याचं घर सोडून मीही परत आले. एका खाजगी शाळेत शिकवत होते. छत्तीसगढ नुकतंच वेगळं झालं होतं. जुन्या इस्पितळाच्या इमारतीत मंत्रालय भरू लागलं होतं, आणि ज्याच्या घरातलं कुणी त्या इमारतीत कामाला लागलं त्याची मान गल्लीत एकदम ताठ झाली होती.

आमच्या शेजारच्या घराची मान आधीपासूनच ताठ होती. ते भोसल्यांच्या काळापासूनचे. आम्ही त्यांच्या लेखी काल आलेले. घरात काका, काकू, मुलगा आणि सून. मुलगा मंत्रालयात लागला होता. काकूंना सगळी गल्ली मानायची. भजनी मंडळ त्यांच्या ओसरीवर बसायचं, मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला पहिली ओवाळणी त्यांची. आमच्याकडे फोन नव्हता, माझ्या शाळेचे फोन त्यांच्याकडे येत, आणि काकू भिंतीवरून मला हाक मारत. आमचे संबंध वाईट नव्हते, हे सांगायला हवं.

दोन्ही घरी भांड्यांना एकच मुलगी यायची. विशीतली असेल, पुरानी बस्तीच्या मागे भावाकडे राहायची. तिचं नाव लिहीत नाही. कोर्टाच्या दारात पुकारून पुकारून ते तिला स्वतःलाच नकोसं झालं होतं. ती आईला दाई म्हणायची, तिच्या बोलीत दाई म्हणजे आईच, कमी बोलायची, आणि काम करताना नळ अगदी बारीक सोडायची, कारण तिच्या पाऱ्यात पाणी भरायला रांग असे.

एका दुपारी आई गच्चीवर गहू वाळत घालत होती. काकूंच्या स्वयंपाकघराचं मागचं दार आमच्या बाजूला उघडतं आणि मधली भिंत कमरेएवढी आहे. आईला मुलीचा आवाज आला. "मैं चोरी नइ करे हंव." चोरी केली नाही, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. आईनं वाकून पाहिलं. काकूंनी मुलीचं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं, आणि ज्या तव्यावर पोळ्या चालल्या होत्या त्या तव्यावर तिचा पंजा दाबून धरला होता.

आई जिना उतरून मागच्या दारानं त्यांच्या घरात शिरली. मुलीला ओढलं आणि तिचा हात नळाखाली धरला. काकू म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही मध्ये पडू नका. माझी मोत्याची कुडी गेली आहे. हा आमच्या घरातला मामला आहे." आणि त्यांनी गॅस बंद केला, फडक्यानं तवा पुसून घेतला.

मी शाळेतून आले तेव्हा ती आमच्या अंगणात बादलीत हात बुडवून बसली होती. रडत नव्हती. मी तिला लुनावर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पंजा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पोलिसांना कळवावं लागेल म्हणाले. संध्याकाळी आईचा जबाब झाला. जे पाहिलं ते तिनं सांगितलं.

कुडी काही दिवसांनी सापडली. काकूंच्याच न्हाणीघरात, कोनाड्यातल्या साबणाच्या डबीमागे. ही बातमी आमच्याकडे घेऊन आलेल्या बाई हसत म्हणाल्या, "मिळाली बाई एकदाची. चला, मिटलं." मी त्यांना विचारलं, काय मिटलं? त्या माझ्याकडे असं पाहायला लागल्या की जणू मीच काही वावगं बोलले.

खटला उभा राहिला, तारखा पडू लागल्या, आणि आईला साक्षीला बोलावणार असं कळल्यावर प्रश्नांची रीघ लागली. समोर राहणारे एक निवृत्त हेडक्लार्क सगळ्यांत आधी आले. आयुष्य कागदांत गेलेलं, तेव्हा आपल्याला कायदा कळतो असं त्यांना वाटायचं.

"समन्स आणणारा आला की दार लावून घ्या," ते म्हणाले. "घेतलंच नाही तर कोर्ट काय करणार?"

"काय करते मंग?" आईनं विचारलं.

"दारावर चिकटवून जातील."

"अन् त्याच्यानंतर?"

"मग वॉरंट काढतात. आधी जामिनाचं. पण वहिनी, तोवर—"

"म्हणजे कोर्ट बोलावू शकते," आई म्हणाली. "मंग चिकटवाले काहून लावता? मी जाईन ना आपल्या पायानं."

भजनी मंडळातल्या दोघी आल्या. त्यांचं म्हणणं असं की रायपुरात आपली मराठी घरं किती, त्यात आपल्या बाईविरुद्ध आपणच परक्यांसमोर उभं राहायचं का. आणि एकट्या साक्षीवर काही होतही नसतं, उगाच तोंड वाईट. आईनं त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते पोट्टी परकी कशी? माह्या घरी दोन वर्षं भांडे घासून राह्यली." त्या दोघी लगेच उठल्या. त्या दिवसापासून भजनाला आईसाठी कुणी जागा धरेनासं झालं.

एकदा काकू स्वतः आल्या. पांढरीस्वच्छ साडी, केसांत मोगरा. खुर्चीत बसल्या आणि आईचा हात हातात घेतला. तो हात मी पाहत होते. मऊ, गोरा, मनगटावर सोन्याची एक बारीक बांगडी.

"वहिनी, माझा तोल गेला, मी नाही म्हणत नाही," काकू म्हणाल्या. "पण या लोकांना जरा भीती असावी लागते. तुम्हाला नाही कळायचं, तुमच्याकडे काही ठेवणीतलं नाही ना." मग त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "या वयात मला तुरुंगात टाकू शकतात का हो?"

आईनं हात सोडवून घेतला. "मले नाही मालूम. मी काय पाह्यलं तेवढंच मले मालूम हाय."

"मग पाहिलं नाही म्हणा ना."

काकू बराच वेळ बसून राहिल्या, आणि जाताना दारातल्या तुळशीला नमस्कार करून गेल्या.

त्यांचा मुलगा मला शाळेच्या फाटकाशी भेटला. सरकारी जीप होती. आमच्या पिढीतले बहुतेक जण हिंदीतच बोलतात, तोही हिंदीत बोलला. म्हणाला, "दीदी, तुमच्या शाळेच्या मान्यतेची फाइल आमच्या ओळखीच्या टेबलावर आहे. मी काही म्हणत नाही, फक्त सांगून ठेवतो." त्याचा चेहरा आईच्या काळजीनं खरोखर ओढलेला होता. त्या काळजीची कीव येऊ नये म्हणून मला प्रयत्न करावा लागला, आणि मग त्या किवेचीच शिसारी आली.

साक्षीच्या पहिल्या तारखेला मी रजा घेऊन आईबरोबर गेले. ती मुलगीही भावासोबत आली होती. उजवा पंजा तिनं साडीच्या पदरात गुंडाळून ठेवला होता. काकूंचा वकील तात्यापाऱ्यातला मराठी माणूस, गणपतीत आमच्याकडे जेवून गेलेला. आईला पाहून तो लवून म्हणाला, "मावशी, आज तुमचं काम पडणारच नाही. तडजोड झाली आहे."

कोर्टात सगळं हिंदीत चाललं. मी इथे आपल्या भाषेत लिहिते आहे. मॅजिस्ट्रेट पस्तिशीचे असतील. त्यांना भयंकर सर्दी झाली होती आणि समोर रुमालांची चळत होती. वकिलानं अर्ज दिला की फिर्यादी मुलीला खटला पुढे चालवायचा नाही, तिनं अंगठा दिला आहे.

मॅजिस्ट्रेटनी मुलीला विचारलं, "हे तुला मान्य आहे?"

"हव साहब, मान्य हे," भाऊ म्हणाला.

"मी तिला विचारलं."

भाऊ तिच्या कानाशी काही पुटपुटला. मॅजिस्ट्रेटनी नाक पुसलं आणि भावाला, काकूंना आणि त्यांच्या माणसांना बाहेर जाऊन थांबायला सांगितलं. वकील राहिला, आम्ही मागच्या बाकावर राहिलो. मग त्यांनी तिला पुन्हा विचारलं, या वेळी तिच्या बोलीत, मोडक्यातोडक्या. म्हणाले, इथे कुणी तुला काही करू शकत नाही, खरं काय ते सांग.

तिनं पदरातून पंजा बाहेर काढला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळून चिकटल्यासारखं झालं होतं. "अंगूठा भैया ह लगवाइस," ती म्हणाली. भावानं लावायला लावला. "मोला नइ करना हे." तिला तडजोड करायची नव्हती.

"परवानगी नाकारली," मॅजिस्ट्रेट म्हणाले.

वकील म्हणाला, "साहेब, घरच्यांमध्ये बोलणं झालेलं आहे. दोन्ही बाजूंना मिटवायचं असेल तर कोर्टानं—"

"जिला दुखापत झाली ती नाही म्हणते आहे. आणि ती हो म्हणाली असती तरी या कलमात परवानगी मी द्यायची असते."

ते शिंकले आणि पुढची तारीख दिली.

बाहेर आल्यावर भावानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सायकल काढली आणि निघून गेला. त्याला मंत्रालयात चपराशी म्हणून लावून देण्याचं कबूल झालं होतं, हे तिनं रिक्षात आईला सांगितलं. त्या दिवशी ती आमच्याकडे राहिली, आणि नंतर पुष्कळ दिवस राहिली.

आईची साक्ष पुढच्या तारखेला झाली. सरकारी वकिलानं विचारलं, आईनं सांगितलं. गच्ची, भिंत, मागचं दार, तवा. मी सगळं ऐकलेलं होतं. पण एक गोष्ट आईनं घरी मला कधीच सांगितली नव्हती, ती तिथे सांगितली. म्हणाली, आवाज येण्याच्या अगोदर वास आला होता, आणि मला वाटलं यांची पोळी करपली.

काकू खाली पाहत होत्या.

मग त्यांचा वकील उठला. "मावशी, उभं राहवत नसेल तर बसून सांगा." आईला खुर्ची दिली. दोन-चार प्रश्न डोळ्यांबद्दल झाले, मोतीबिंदूबद्दल, भिंतीच्या उंचीबद्दल. ते त्याचं कामच होतं. नंतर त्याचा आवाज आणखी गोड झाला.

"तुमची मुलगी नवऱ्याला सोडून आली आहे ना?"

"हो."

"तिला नवऱ्यानं टाकलं, की तिचं दुसरीकडे काही होतं?"

आईनं मॅजिस्ट्रेटकडे पाहिलं. ते मान खाली घालून लिहून घेत होते. आई म्हणाली, "तिनं सोडलं."

"ती रोज संध्याकाळी आरोपीच्या घरी जायची. फोनच्या निमित्तानं. आरोपीच्या मुलाच्या खोलीत ती किती वेळ बसायची, तुम्हाला माहीत होतं का?"

मी बाकावर बसले होते. माझ्या आजूबाजूला दुसऱ्या खटल्यांची माणसं होती, त्यांच्या माना वळल्या. एक जण हसला. मला उठून जायचं होतं, आणि उठले तर ते खरं आहे असं वाटेल म्हणून मी बसून राहिले. काकूंनी मान वर केली होती. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी स्पष्ट पाहिलं. त्यांना बरं वाटत होतं.

"मुलाचं लग्न दुसरीकडे झालं म्हणून तुमच्या मनात—"

"साहेब," आई मॅजिस्ट्रेटना म्हणाली. हिंदीत, तिच्या त्या वऱ्हाडी हिंदीत. "तव्याचं सोडून हे विचारायचा यांना अधिकार आहे का?"

वकील म्हणाला, साक्षीदारानं प्रश्न विचारायचे नसतात.

"मी यांना नाही विचारत, तुम्हाला विचारते," आई म्हणाली. "हे थांबवायचा अधिकार कोणाला आहे?"

मॅजिस्ट्रेटनी पेन खाली ठेवलं. "मला आहे," ते म्हणाले. मग वकिलाकडे वळले. "या बाईंच्या मुलीबद्दल एकही प्रश्न आता विचारायचा नाही. वैराबद्दल पुरावा असेल तर तो द्या. बेअब्रू करणारे प्रश्न मी चालू देणार नाही. हा प्रश्न लिहिला जाणार नाही."

"अन् अगोदरचे लिहिलेले?" आईनं विचारलं.

त्यांनी कागदावर रेघ मारली आणि टाइप करणाऱ्यालाही काढायला सांगितलं. मला तेव्हा त्यांचे आभार मानावेसे वाटले नाहीत. आजही वाटत नाहीत. अधिकार त्यांच्याकडे सुरुवातीपासून होता, आणि तो आहे याची आठवण साठीच्या एका बाईला साक्षीदाराच्या खुर्चीतून करून द्यावी लागली.

बाहेर आवारात नळ होता. आईनं तिथे कितीतरी वेळ चुळा भरल्या. "तोंडात घाण गेल्यासारखं वाटून राह्यलं," म्हणाली. तेवढ्यात तो वकील सुपारी चघळत आमच्याजवळून गेला आणि म्हणाला, "मावशी, मनावर घेऊ नका बरं, हे कोर्टातलं कोर्टात." आईनं त्याच्या पायाजवळ चूळ टाकली. मुद्दाम टाकली की नाही, मला सांगता येणार नाही.

निकाल लागला तेव्हा काकू दोषी ठरल्या. फक्त आईच्या आणि त्या मुलीच्या सांगण्यावर, आणि डॉक्टरांच्या कागदावर. साक्षीदार किती आहेत हे मोजायचं नसतं, विश्वास ठेवण्याजोगा आहे का ते पाहायचं असतं, असं मॅजिस्ट्रेटनी निकालात म्हटलं होतं. वय आणि पहिलाच गुन्हा म्हणून त्यांना तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. मुलीला भरपाई द्यायला सांगितली. तोही कोर्टाचा अधिकार असतो, हे मला तेव्हा कळलं. बरोबर की चूक, यावर मी पुष्कळ विचार केला. सत्तरीकडे झुकलेल्या बाईला कोठडीत पाहून मला आनंद झाला असता असं नाही. पण गल्लीनं त्या निकालाचं जे केलं ते मला सहन झालं नाही. "निर्दोष सुटल्या" अशी बातमी आमच्या गल्लीत संध्याकाळपर्यंत पसरली. हेडक्लार्कांना निकालाचा अर्थ चांगला ठाऊक होता, आणि काकूंकडचा पेढा घेताना तेही तेच म्हणाले.

काकूंनी सत्यनारायण घातला. सगळे गेले. दुसऱ्या दिवशी त्यांची सून आमच्याकडे प्रसादाची वाटी घेऊन आली, झाकलेली. आईनं झाकण काढूनही पाहिलं नाही.

"तुह्या सासूले सांग," आई म्हणाली, "कोर्टानं त्यांना घरी राहू दिलं. पण त्यांच्या घरचं खाय म्हणून मले नाही सांगितलं."

सून वाटी घेऊन परत गेली. आईनं त्या दिवशी देवाला दिवा लावला नाही, आणि प्रसाद परत पाठवल्याची टोचणी तिला कित्येक दिवस होती. माझ्याजवळ तिनं ती दोनदा बोलूनही दाखवली.

मुलगी पुढे नव्या रस्त्यांच्या मधल्या पट्टीत झाडं लावण्याच्या कामावर लागली. दोन बोटं उघडत नसली तरी खुरपं धरता येतं, असं तिनं आईला खुरपं हातात घेऊन दाखवलं. भावाकडे ती पुन्हा गेली नाही. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातही गेली नाही. आईनं नंतर कुणालाच कामाला ठेवलं नाही, शेवटपर्यंत आपली भांडी आपण घासली.

आई गेल्यानंतर काही वर्षांनी काकू गेल्या. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेले होते, तरी घरच्यांना भेटायला गेले. का गेले, कुणास ठाऊक. ओसरीवर सतरंजी होती, तेच लोक, म्हातारे झालेले. एक बाई म्हणाल्या, "काय माया होती हो. नोकरमाणसांनासुद्धा घरच्यासारखं वागवायच्या." आजूबाजूच्या माना हलल्या. हेडक्लार्कांचीही हलली. त्यातल्या एकाच्याही चेहऱ्यावर आपण खोटं बोलतोय असं दिसत नव्हतं. ते सगळे खरोखर विसरले होते.

मी म्हटलं, "त्या मुलीला मी दवाखान्यात नेलं होतं. तिचा हात तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे." कुणीतरी पंखा वाढवायला सांगितलं. मी उठले.

सून माझ्या मागे दारापर्यंत आली. तिचेही केस पिकायला लागले होते. ती हिंदीत म्हणाली, "दीदी, मी त्या दिवशी घरातच होते. स्वयंपाकघराच्या आतल्या दारात. मला कोर्टानं बोलावलंच नाही."

"तू कुणाला सांगितलं होतंस, तू होतीस म्हणून?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाली, मी नवीन होते, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिचे डोळे भरून आले होते. तिच्या खांद्यावर हात ठेवावा असं मला वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. मी बाहेर आले, आणि रिक्षा मिळेपर्यंत तिच्या घराकडे पाठ करून उभी राहिले.